कोरडी शाई, ओलं पेन

शाईच्या पेनाचे शौकीन शाईला दोन स्वभाव मानतात : कोरडी आणि ओली. पेलिकनची ४००१ रॉयल ब्लू कोरडी, वॉटरमनची निळी ओली. एकाच पेनात या दोन शाया एकीमागून एक भरून पाहिल्या, तर फरक कुणालाही कळतो. पहिलीची रेघ बारीक येते, निब कागदाला जराशी धरून चालते. दुसरीची रेघ त्याच निबमधून जाड उतरते, हात सरसर पुढे जातो आणि ओळ वाळायला वेळ लागतो. निब तीच, हात तोच, कागदही तोच असतो.

या नादात शिरलेल्या माणसाचं लक्ष आधी रंगाकडे जातं आणि ते जावंच. बाटलीचं झाकण उघडून काचेच्या काठाला लागलेला रंग पाहणं, कागदाच्या कपट्यावर थेंब टाकून तो वाळेपर्यंत थांबणं, यात खरं सुख आहे. पेनाच्या अंगाचा रंग पाहून शाई निवडणारे पुष्कळ आहेत. किरमिजी पेनात किरमिजी, हिरव्यात हिरवी. मी स्वतः तसं करतो, कारण टेबलावर चार पेनं भरलेली असली की कोणत्या पेनात काय आहे ते टोपण न उघडता कळतं. पण पेन आणि शाईची जोडी टिकते ती दोघांच्या प्रवाहावर. रंग आवडूनही वापरातून गेलेल्या जोड्या प्रत्येक शौकिनाच्या खणात सापडतील.

शाई म्हणजे बहुतांशी पाणी. त्यात विरघळलेला रंग, बुरशी धरू नये म्हणून एखादं औषध, निबवर लगेच सुकू नये म्हणून ग्लिसरीनसारखं काहीतरी, आणि पाण्याचा पृष्ठताण कमी करणारे पदार्थ. हे शेवटचे पदार्थ शाईचा ओलेपणा ठरवतात. निबखालच्या जिभेत अतिशय बारीक खाचा असतात. शाई त्या खाचांतून आपोआप ओढली जाते आणि तिची जागा घ्यायला हवा उलट वाटेनं आत शिरते. १८८४ साली लुईस वॉटरमन यांनी अमेरिकेत अशा जिभेचं पेटंट घेतलं. आजच्या पेनांतही तत्त्व तेच आहे. पृष्ठताण कमी असलेली शाई खाचांतून भराभर येते आणि कागदावर पसरते, जास्त असलेली रेंगाळते. पेनांचंही तसंच. काही पेनं सढळ हाताची, काही चिकट. म्हणून ओल्या पेनात कोरडी शाई आणि कोरड्या पेनात ओली, हा पहिला नियम. रंगाची निवड त्याच्या आतली.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर कसं असावं हे त्यातलं सांगणं शाळेत आपल्यापर्यंत पोहोचलं. त्याच समासात लेखनाच्या सामानाविषयी जे आहे त्याकडे फारसं कुणी वळत नाही. निरनिराळ्या देशांचे बोरू आणावेत, ते घट्ट, बारीक आणि सरळ पाहून घ्यावेत, टाक तोडण्याचे नाना प्रकार असावेत, हिंगूळ संग्रही ठेवावा, असा तो मजकूर आहे. सतराव्या शतकात, ज्यांच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं फारसं काही नव्हतं अशा संन्यस्त पुरुषानं नाना देशींचे बोरू जमवायला सांगावं, याचं मला प्रत्येक वाचनात अप्रूप वाटतं. त्यामागे गरज होती. मठामठांतून ग्रंथ नकलले जात होते, कल्याणस्वामींसारखा लिहिता शिष्य जवळ होता, आणि एकच पोथी शेवटपर्यंत एका वळणात उतरायची तर बोरू आणि मसी यांचं जमावं लागतं. पेन-शाईचा मेळ घालणं हा हल्लीचा चोचला आहे असं म्हणणाऱ्यांना मी हा समास काढून देतो.

माझ्या नेहमीच्या पेनांत एक ईबोनाइटचं आहे, राजमहेंद्रीच्या बनावटीचं. आंध्रातल्या या गावात के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशी पेनं घडवायला सुरुवात केली ती १९३०च्या दशकात. त्यांच्या पेनाबद्दल गांधीजींनी १९३५ साली समाधानाचं पत्र पाठवलं. ईबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. हातात ते थंड लागत नाही, आणि त्याची जीभ प्लॅस्टिकच्या जिभेपेक्षा शाई चांगली धरते. हे पेन ड्रॉपरनं भरायचं. सबंध नळीच टाकी असते, त्यामुळे कन्व्हर्टरच्या पेनापेक्षा कितीतरी पट शाई मावते. पण नळी अर्ध्याहून अधिक रिकामी झाली की आतली हवा हाताच्या उबेनं फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. एप्रिल-मे महिन्यात तर टपोरा थेंब कागदावर पडायला वेळ लागत नाही. अशा पेनात ओली शाई घालणं म्हणजे थेंबाला आमंत्रणच. शिवाय एकदा भरली की ती शाई बरेच दिवस सोबत राहणार, तेव्हा रंगही रोज पाहून कंटाळा न येणारा हवा. मी त्यात सुलेखाची निळी भरतो. सुलेखा ही बंगाल्यातली, १९३४ची, मैत्र बंधूंची. तीही स्वदेशीच्याच हाकेतून जन्मलेली. मध्ये ती बराच काळ बंद पडली होती, आता पुन्हा मिळते. एकाच दशकातली, एकाच हाकेची ही दोन अपत्यं एकत्र आणावीत या हौसेनं मी ती भरली आणि प्रवाहही जुळला. या जोडीनं लिहिताना मला जे वाटतं ते भावनेचंच आहे, आणि ते मला लपवावंसं वाटत नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिकडे येतो. पेन आणि शाईबद्दल जगभर जे लिहिलं जातं ते जवळपास सगळं रोमन किंवा जपानी अक्षरांवर तपासलेलं असतं. देवनागरीला त्यातलं बरंचसं लागू पडत नाही. रोमन शब्द लिहिताना हात डावीकडून उजवीकडे जातो आणि पुढच्या शब्दाला लागतो. आपण शब्द लिहून होताच मागे येतो आणि ओल्या अक्षरांच्या डोक्यावरून शिरोरेषा ओढतो. जिथे जिथे ती काना किंवा वेलांटीला भेटते, तिथे शाईवर शाई पडते. पेन ओलं आणि शाईही ओली असेल, तर प्रत्येक सांध्यावर टिकली उमटते आणि ओळीच्या माथ्यावर मण्यांची माळ दिसू लागते. अनुस्वाराचंही तेच. कोरड्या जोडीत तो नेमका टिंब असतो, ओल्या जोडीत पसरून खालच्या मात्रेला चिकटतो. मग ‘ष’चं पोट, ‘द्ध’ची गाठ, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’मधल्या बारीक फटी. जाड निब आणि पसरणारी शाई एकत्र आली की ही सगळी भोकं बुजतात. स्वस्त वहीच्या कागदावर शाई फुटली तर विचारायलाच नको.

म्हणून देवनागरीसाठी मी बारीक निब घेतो. जपानी बनावटीची फाइन निब युरोपातल्या फाइनपेक्षा बारीक असते, आपल्या जोडाक्षरांना ती मानवते. पण निब जितकी बारीक तितका तिला शाईचा पुरवठा सैल हवा, नाहीतर ती कागद खरवडते. तिथे पायलटची इरोशिझुकू मालिका कामाला येते, ती वाहती आहे. त्यातली ‘इना-हो’ ही पिकल्या भाताच्या लोंबीचा रंग घेऊन आलेली शाई आपल्या कोकणातल्या माणसाला पाहताक्षणी ओळखू येईल. मात्र ती फिकी आहे, आणि बारीक निबमधून लिहिलेलं पान संध्याकाळच्या उजेडात वाचताना डोळे ताणावे लागतात. तीच शाई मध्यम निबमध्ये घातली तर एकाच अक्षरात फिका-गडद असा चढउतार दिसतो. अर्थात मग सांध्यावर पुन्हा ठिपके येतात. इथे मी ठिपक्यांची बाजू घेतो. पत्रात ते शोभतात, हस्तलिखितात नाही.

स्टब निबबद्दलही एक सांगायला हवं. सपाट, सरळ कापलेल्या या निबचं हल्ली फार कौतुक आहे. तिनं रोमन अक्षर नटतं हे खरं. देवनागरीत तिच्यामुळे काना जाड आणि शिरोरेषा बारीक येते. आपलं जुनं वळण घडलं ते तिरका छेद दिलेल्या बोरूनं. तो छेदही रोमन लेखणीच्या उलट बाजूचा. ते वळण हवं असेल तर बोरूच हाती घ्यावा.

टिकाऊपणाचा प्रश्न वेगळा. भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी जुने मोडी कागद पाहिले की शाईचा काळेपणा अजून जागच्या जागी दिसतो, कारण ती काजळीची शाई होती आणि काजळी विटत नाही. पण डिंकात खललेली तशी शाई फाउंटन पेनात घालू नये, खाचा कायमच्या बंद होतात. आज काजळीच्या शाया पेनासाठी खास बारीक करून मिळतात. जपानच्या प्लॅटिनमची कार्बन ब्लॅक त्यातलीच. ती याच कंपनीच्या ३७७६ या पेनात घालावी. फुजी पर्वताच्या उंचीचे मीटर नावात घेतलेलं हे पेन आहे आणि त्याचं टोपण आतून इतकं घट्ट बसतं की निब महिनोन्‌महिने सुकत नाही. ही जोडी मला सगळ्यांत तर्कशुद्ध वाटते.

युरोपनं टिकाऊपणा लोह आणि टॅनिनमधून साधला. आपल्याकडेही त्या रसायनाची ओळख होती. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत गोळा होणारा हिरडा भिजवून त्या पाण्यात हिराकस टाकला, की पाणी काळं पडतं. लोह-टॅनिनची शाई लिहिताना फिकी असते आणि हवा लागली की कागदातच काळी होत जाते. लिहिताना दिसावं म्हणून तिच्यात निळा रंग घातला, त्यातून ब्लू-ब्लॅक आली. पेलिकनची ४००१ ब्लू-ब्लॅक अजून याच जातीची आहे. ती आम्लधर्मी असते, म्हणून सोन्याच्या निबमध्ये बिनघोर, पोलादी निबमध्ये मात्र महिनाभर पडून राहू द्यायची नाही. करारावर सही करायला यापेक्षा चांगली जोडी मी सुचवणार नाही.

चुकीची जोडी पेन खाऊ शकते हे पार्करलाही ठाऊक होतं. १९४१ साली त्यांचं ‘५१’ हे पेन आलं, सोबत त्याच नावाची झटकन वाळणारी शाई. ती इतकी तिखट होती की फक्त याच पेनात वापरा, अशी ताकीद द्यावी लागली. सेल्युलॉइडच्या पेनांना ती सोसत नसे.

रंगांच्या बाबतीत मला हेवा वाटतो तो जपानमधल्या कोबे शहराचा. १९९५च्या भूकंपानं हे शहर उद्ध्वस्त केलं होतं. ते सावरल्यावर तिथल्या नागासावा या जुन्या स्टेशनरीच्या दुकानानं २००७पासून शहरातल्या जागांच्या नावानं शाया काढायला सुरुवात केली. रोक्को डोंगराची हिरवी, धक्क्यावरच्या पाण्याची निळी, जुन्या परदेशी वसाहतीतल्या इमारतींची तपकिरी. आता त्यांची संख्या कितीतरी वाढली आहे आणि माणसं आपल्या गल्लीचा रंग पेनात भरून लिहितात. आपल्याकडे शाई बनवण्याची परंपरा धडधाकट आहे. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ साली मुंबईत गिरगावात शाईची पूड आणि वड्या करायला घेतल्या, त्यातून कॅम्लिन उभी राहिली आणि तिच्या उंट छापाच्या शाईवर महाराष्ट्राच्या पिढ्या लिहायला शिकल्या. मला जांभ्या दगडाची शाई हवी आहे. श्रावणातल्या भीमाशंकरची, मुरुडच्या समुद्राची, पैठणीच्या काठाची, तासगावच्या द्राक्षाची हवी आहे. कुणीतरी त्या कराव्यात. मी पहिल्या दिवशी रांगेत उभा राहीन.

जूनमध्ये शाळा सुरू होतील आणि काही घरांत मुलांना पहिलं शाईचं पेन मिळेल. त्यांच्यासाठी माझी निवड ठरलेली आहे : पोलादी फाइन निबचं साधं पेन आणि धुतली जाणारी रॉयल ब्लू. चमकीची शाई आत्ता नको, तिचे कण तळाशी बसून जीभ तुंबवतात. आधी वहीच्या शेवटच्या पानावर ‘श्रद्धा’, ‘संघर्ष’, ‘ज्ञानेश्वर’, ‘पुष्करिणी’ असे शब्द लिहून पाहावेत. गाठी उघड्या राहिल्या, पान मागे फुटलं नाही आणि रात्रभर टोपण लावून ठेवलेलं पेन सकाळी पहिल्याच अक्षराला चाललं, तर जोडी जमली. नाही जमली तर पेन बदलू नका, साध्या पाण्यानं धुऊन दुसरी शाई भरा.