टोपलीचा वर्ग सुटल्यावर

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की शेताच्या बांधापासून बाजार समितीच्या ओट्यापर्यंत प्लास्टिकचे क्रेट दिसतात. भावसुद्धा आता क्रेटवरच बोलला जातो, 20 किलोला अमुक रुपये. एके काळी हीच भाजी बांबूच्या पाट्यांतून आणि करंड्यांतून जायची. क्रेट धुता येतो, एकावर एक रचता येतो, पाटीसारखी कामटी फळात घुसत नाही. शेतकऱ्याला दोष देण्याचं काहीच कारण नाही. पण या बदलात बुरुडाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक गेलं.

उरलं ते सणावाराचं आणि संस्काराचं. लग्नातलं सूप, रोवळी, दुरडी, गौरींचं वाण, देवीपुढची परडी, आणि शेवटी तिरडी. शिवाय कोंबड्यांचं डालगं आहे. अशा वस्तूंना मोसमात मागणी येते आणि मग महिनोन् महिने थांबते. या थांबलेल्या महिन्यांतच कारागिराचा मुलगा दुसरीकडे मजुरीला जातो.

अशा वेळी सरकारी प्रशिक्षणवर्गाची बातमी चांगलीच वाटते, आणि ती चांगली आहेही. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 पारंपरिक व्यवसाय आहेत. टोपल्या, चटया आणि झाडू करणारे त्यात आहेत. ग्रामीण भागात पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत होते. मग पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, दिवसाला 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15,000 रुपये, आणि तारण न ठेवता आधी एक लाख आणि पुढे दोन लाख रुपयांपर्यंत कर्ज, पाच टक्के व्याजाने. पुढचं प्रगत प्रशिक्षण किमान 15 दिवसांचं. कधीही बँकेच्या काउंटरपर्यंत न पोहोचलेल्या माणसाला हे मोठं आहे.

तरीही एक प्रश्न राहतो. सात दिवसांनी वर्ग सुटतो. आठव्या दिवशी बांबू कुठून आणायचा आणि टोपली कुणाला द्यायची?

टोपलीचं काम विणण्यापासून सुरू होत नाही, ते बांबू निवडण्यापासून सुरू होतं. कोवळ्या बांबूची कामटी सुकल्यावर आक्रसते, फार जून झालेला लवत नाही. बांबूच्या पाठीचा, म्हणजे सालीकडचा भाग चिवट असतो. काठ आणि बूड त्याचं हवं. पोटाकडचा भाग ठिसूळ, तो हलक्या कामाला. बांबूत पिष्ट साठलेलं असलं की भुंगा लागतो आणि वर्षभरात टोपलीतून पिवळी भुकटी गळू लागते. म्हणून जुनी माणसं पावसाळा सरल्यावर तोड करत आणि बांबू पाण्यात भिजत ठेवत. आज बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात बुडवूनही तेच साधता येतं, फक्त त्यासाठी टाकी लागते. शहरातलं गिऱ्हाईक भुकटी गळणारी टोपली दुसऱ्यांदा घेत नाही. अशी टाकी एकट्या घराला परवडत नाही आणि 15,000 रुपयांच्या अवजारांत ती बसतही नाही.

आता प्रश्न विक्रीचा. जपानमधल्या बेप्पू या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी बांबूकामाची सरकारी प्रशिक्षणसंस्था आहे. तिथला अभ्यासक्रम दोन वर्षांचा. गावाचं बांबूकाम वाढलं ते झऱ्यांवर येणाऱ्या पाहुण्यांना टोपल्या विकून. याच गावचे शोनो शोउन्साई यांना 1967 मध्ये ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान मिळाला. बांबूकामातले ते पहिले मानकरी. पाहुण्यांची वर्दळ हे भांडवल असेल, तर वणीच्या वाटेवरच्या दिंडोरीला ते कमी नाही. सप्तशृंगीचे भाविक वर्षभर याच तालुक्यातून जातात. 2027 मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ कुंभमेळा आहे. प्रसादाची परडी, फुलांची दुरडी, द्राक्षांची भेटकरंडी यांना तिथे गिऱ्हाईक मिळेल. पण हजारो एकसारख्या करंड्या ठरलेल्या तारखेला द्यायच्या, तर ते एका कुटुंबाचं काम नाही.

इथे नाशिक परिसराचा जुना इतिहास फार मोलाचा ठरतो. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने 3,000 कार्षापण नाण्यांची कायम ठेव दिली. त्यातले 2,000 गोवर्धन इथल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यवसायसंघाकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि 1,000 दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, व्याज भिक्षूंसाठी खर्चायचं. जुन्नरच्या लेण्यांत तर खुद्द बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे ठेव ठेवल्याचा लेख आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लोक बुरुडांच्या संघटनेवर एवढा भरवसा ठेवत की दानाचा पैसा तिच्या हाती सोपवत. आज त्याच हाताला कर्ज देताना योजनेला तारणाची अट काढून टाकावी लागते. कसब टिकलं आणि श्रेणी गेली, म्हणून ही अवस्था आली.

दिंडोरीला एकत्र येणं शिकवायला बाहेरून कुणी यायची गरज नाही. कादवा सहकारी साखर कारखाना याच तालुक्यातला. वाघाड धरणाचं पाणी शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था वाटतात आणि पट्टीही त्याच वसूल करतात. ते बघायला राज्यभरातून लोक येतात. मोहाडीची ‘सह्याद्री फार्म्स’ शेतकऱ्यांची कंपनी म्हणून द्राक्षं परदेशी पाठवते.  ऊस, पाणी, द्राक्षं या सगळ्यांची संघटना झाली. ज्यांच्याकडे जमीन होती त्यांची झाली. बुरूड आणि टोपल्या विणणारे आदिवासी तेवढे सुटे राहिले, आणि हे तालुक्याच्या सार्वजनिक जीवनातलं खरं उणेपण आहे.

बांबूची अडचण पूर्वी कायद्याचीही होती. 1927 च्या वन कायद्याने बांबूला झाडांत धरलं, त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून नेतानाही परवान्याचा जाच होई. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात आणला. 2011 मध्ये गडचिरोलीच्या मेंढा-लेखा ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतुकीचे परवाने आले. 2017 च्या दुरुस्तीने वनाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून सुटला. द्राक्षबागेच्या कडेला, ओढ्याकाठी माणवेल जातीचा बांबू लावून बुरुडाला विकायला आता शेतकऱ्याला कायदा आडवा येत नाही. आड येतं ते एवढंच, की दोन-चार बांबूंसाठी कुणी ट्रॅक्टर काढत नाही. एकदम पाचशे घेणारा कुणीतरी समोर असायला हवा.

मेळघाटात हे जमवून दाखवलेलं आहे. धारणी तालुक्यातल्या लवादा इथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभारलं. तिथे कोरकू आणि गोंड तरुण शिकतात, पण शिकून मोकळे होत नाहीत. त्यांची वेणुशिल्पी ही औद्योगिक सहकारी संस्था आहे. केंद्रातल्या बांबूच्या राख्या तर शहरांत पोहोचल्या. शिकणं, माल करणं आणि विकणं यांची तिथे फारकत केलेली नाही.

दिंडोरीत सुरुवात करायला वेगळी योजना नको. विश्वकर्मा योजनेत एका कुटुंबातून एकालाच नाव नोंदवता येतं. म्हणजे वर्गात बसलेली माणसं आपोआपच वेगवेगळ्या घरांतली असतात. महाराष्ट्राच्या 1960 च्या सहकारी संस्था कायद्याला नव्या संस्थेसाठी नेमकं हेच हवं असतं: वेगवेगळ्या कुटुंबांतल्या किमान दहा व्यक्ती. वर्गाच्या शेवटच्या दिवशी प्रमाणपत्राबरोबर संस्था नोंदणीचा अर्जही त्याच टेबलावर ठेवावा, आणि तालुक्याच्या सहायक निबंधकांनी त्या दिवशी तिथे हजर राहावं. संस्थेची पहिली खरेदी बांबूची एक गाडी आणि प्रक्रियेची एक टाकी असावी. सिंहस्थाच्या करंड्यांची मागणी नोंदवून घ्यायला आता फार महिने उरलेले नाहीत.