फ्लश येणार आहे, म्हणजे आलेला नाही

मंडळी, आज थोडं तिखट लिहितेय. आपल्या बडोद्याच्या घरांतल्या श्रावणाच्या आठवणी निघाल्या की कुणीतरी काका, कुणीतरी मामा हटकून येतात, 'हातात काही नसताना शेवटपर्यंत बसले आणि बाजी मारली' अशा थाटात. सातम-आठमला रात्रभर पत्ते ही इथल्या गुजराती शेजाऱ्यांची रीत आपण कधीच आपली करून टाकली, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती या कौतुकाबद्दल. हे काका किती वेळा शेवटपर्यंत बसून हरले, ते का कुणी सांगत नाही?

आता घरोघरी तीन पत्तीच्या जागी पोरांनी पोकर आणलंय. खेळ बदलला, खोड तीच. इस्पिकची दोन पानं हातात, दोन पटावर, पटावर चार पानं उघडी झालेली, एकच यायचंय. समोरच्याने मोठी रक्कम लावली की आमचे वीर म्हणतात, "एवढे टाकलेत, आता काय पळायचं?" आणि मागून एखादे मामा असतातच, "शाब्बास, मर्द गडी!"

मामा, जरा मोजा हो. दिसलेली पानं सहा, न दिसलेली ४६. इस्पिकची १३ पैकी चार दिसली, उरली नऊ. म्हणजे ४६ मध्ये नऊ वेळा तुमचं, ३७ वेळा नाही. आता भाव बघा. मध्ये ६० चिंचोके आहेत (आमच्याकडे चिंचोकेच लावतात, पैसे नाहीत), समोरच्याने आणखी ६० लावले. ६० घालून १२० मिळवायचे. ४६ डाव असेच खेळा: नऊ वेळा १२० म्हणजे १०८० आले, ३७ वेळा ६० म्हणजे २२२० गेले. दर डावाला साधारण २५ चिंचोके दान केलेत. याला मर्दानगी म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

तेच समोरच्याने फक्त २० लावले असते तर? २० घालून ८० मिळतात. ७२० आले, ७४० गेले, जवळजवळ बरोबरी. वर इस्पिक पडल्यावर तो आणखी काही देईल अशी आशा असेल तर खुशाल घाला. पानं तीच, माणूस तोच, फक्त भाव बदलला. आणि हो, फ्लश एक्क्याचा आहे की सत्तीचा तेही बघा. पटावर जोडी असेल तर लागलेला फ्लशही फुलहाउसपुढे मार खातो. 'एवढे टाकलेत' हे तर हिशेबात येतच नाही. मध्ये पडलेले चिंचोके तुमचे राहिलेले नाहीत.

मला राग याचा येतो की हीच माणसं रमीला बसली की पक्की हिशेबी असतात! हात वाईट आला की २० गुणांवर पहिल्याच फेरीत ड्रॉप, मधूनच उठलं तर ४०, आणि ८० बसायची वेळ येऊ नये म्हणून कोणती बदाम पंजी टाकली गेली ते डोक्यात. आमची आजी शाळेत चौथीपर्यंतच गेलेली, पण टाकलेल्या ढिगातली पानं तिला तोंडपाठ असायची. तिला कुणी भेकड म्हटलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं ते याच पडलेली पानं ध्यानात ठेवण्यामुळे, आणि तीन पत्तीला त्यापासून वेगळं काढलं. तीन पत्तीत पुढचं पानच येत नाही हो! तिथे चाल करत राहणं म्हणजे समोरच्याला घाबरवणं. पोकरमध्ये तुम्ही पान विकत घेता. पोकरला बसायचं आणि डोकं तीन पत्तीचं, असा आपल्याकडचा सगळा प्रकार.

हे चिंचोक्यांपुरतं असतं तर मी गप्प बसले असते. पण घरातल्या एका मुलाने गोव्याला सहलीत दोन महिन्यांचा पगार अशाच न आलेल्या चौकटींवर घालवला, आणि घरी आल्यावर मोठ्यांचं निदान काय? "नशीब फुटकं." नशीब नाही हो. भाव न विचारता माल घेतला त्याने. भाजीवालीकडे मेथीच्या जुडीवर पाच रुपयांसाठी घासाघीस करणारं आपलं घर ते! दुसरी बाजू म्हणते, पत्त्यांना हातच लावू देऊ नका. २०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झालेच आहेत. बरं झालं. पण ज्याला हा हिशेब कुणी शिकवलाच नाही, तो उद्या शेअर बाजारात पडत्या कागदावर 'एवढे टाकलेत' म्हणत आणखी टाकणारच आहे.

यंदा आठमला आमच्याकडे या. चिंचोके मी धुऊन ठेवलेत. नियम एकच: कॉल करायच्या आधी मोठ्याने सांगायचं, किती पानं तुमची, किती शिल्लक, किती घालून किती मिळणार. सांगता आलं नाही तर पानं खाली. मामांनाही.