गाडी बदलते, गाठोडे तेच

पूर्णा जंक्शनवर उतरून गाडी बदलणे म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. अकोल्याकडचा मार्ग २००८ साली रुंद झाला. त्याआधी काही वर्षे परभणीहून ब्रॉडगेजने आलेला हिंगोलीचा वाटसरू इथे उतरे, वळकटी खांद्यावर टाकी आणि मीटरगेजच्या डब्यात जागा धरी. डबा रेल्वेचा, गाठोडे मात्र ज्याचे त्यानेच न्यायचे!

परवा एक जुनी तबकडी ऐकताना तो फलाट आठवला. डेव्ह ब्रुबेक हा अमेरिकेचा जॅझ पियानोवादक. १९५८ साली आपल्या सरकारच्या वतीने चौघांचा संच घेऊन तो पोलंड, तुर्कस्तान, अफगाणिस्तान आणि आपल्या देशात फिरला. मुंबईत अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्या सतारीबरोबर वाजवायला बसला. त्या बैठकीने आपले वाजवणे बदलले, असे पुढे त्यानेच सांगितले. घरी परतल्यावर त्याच वर्षी त्याने 'जॅझ इम्प्रेशन्स ऑफ युरेशिया' ही तबकडी मुद्रित केली.

तिच्यातली एक रचना पोलंडची. तिचे नाव त्या भाषेत 'आभारी आहे' अशा अर्थाचे. आणि गंमत म्हणजे ती सुचली आगगाडीत. शेवटची रचना 'कलकत्ता ब्लूज'. नाव वाचून आपण सतारीची वाट पाहतो. सतार नाही, तबलाही नाही! ज्यो मॉरेलो काठ्या बाजूला ठेवून बोटांनी ड्रम बोलता करतो. ज्यो बेंजामिनचा बास तंबोऱ्यासारखा आधार धरतो. पॉल डेस्मंडचा सॅक्सोफोन मात्र आपल्याच चालीने चालतो.

यात राग कुठे आहे, असे आमचे एखादे बुवा विचारतील. नाहीच. ब्रुबेकही तसे म्हणत नाही. मनावर उमटलेले ठसे, एवढेच तो नावात सांगतो. परक्याचे वाद्य उसने आणून शेजारी बसवणे सोपे. ऐकलेले आपल्या हातांत उतरवायला स्वतःचा हातच बदलावा लागतो.

एकच रुखरुख राहते. पोलंडचे आभार तबकडीवर कायमचे कोरले गेले. खाँसाहेबांच्या सतारीचा मात्र तिच्यावर एकही सूर नाही. २०१७ साली ते गेले. तेव्हा तबकडी संपली की त्यांचीही एखादी लावावी. गाडी बदलायची ती पुढच्या प्रवासासाठीच ना?