ठिगळाची लाज कोणाला?

परवा धरमपेठेतल्या एका व्याख्यानात ऐकलं की, जुन्या रायफलींना नवे भाग जोडून देणं म्हणजे जवानाच्या अंगावर ठिगळाचा सदरा चढवणं; द्यायचं तर कोरं करकरीत द्या. टाळ्या कडाडल्या. वक्ते ज्या स्कूटरवरून घरी गेले, तिच्या इंजिनचं बोरिंग दोनदा झालंय. मला ठाऊक आहे, आमचा मेकॅनिक एकच.

मुळात रायफल ही एकसंध वस्तू नव्हेच. नळी झिजते, स्प्रिंग थकते, दस्ता तडकतो. पण पोलादी सांगाडा शाबूत असला की बाकीचं बदलता येतं. इंग्रजांनी १८६६ साली हेच केलं. तोंडाकडून ठासायच्या एन्फील्डची नळी मागून दोन-अडीच इंच कापली, तिथे बिजागरीचं झाकण बसवलं आणि स्नायडर तयार! मिनिटाला जेमतेम ३ बार काढणारं हत्यार १० काढू लागलं. त्या ठिगळाची लाज कोणाला वाटली नाही.

उलटा प्रकारही घडलाय, आणि त्यावरून मी पूर्वी बराच भांडलोय. १८५७ नंतर हिंदी शिपायाच्या हाती एन्फील्डच दिली, पण नळीतल्या पिळदार खाचा काढून टाकलेली. नेम लागूच नये! पुढे इशापूरच्या कारखान्यात .३०३ रायफलींच्या .४१० मस्केट झाल्या, एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या. म्हणजे कानस दोन्ही बाजूंनी चालते. वक्त्यांनी रागवायचं तर यावर रागवावं.

आणि यांचं ‘कोरं’ तरी कोणतं? डिसेंबर २०२१ मध्ये सहा लाखांवर एके-२०३ चा करार झाला. तिचा मूळ घाट १९४७ चा. २०१९ च्या ७२,४०० सिग रायफलींना गोळी लागते ती जुन्या एसएलआर रायफलीचीच. खर्चाचं म्हणाल, तर आकडा वक्त्यांनी सांगितलाच नाही.

माझं म्हणणं एवढंच: नळी गेजने मोजा, झिजली तर बदला, सांगाड्याला चीर असेल तर सरळ भंगारात. धड असेल तर सरकता दस्ता, वर दुर्बिणीसाठी पट्टी, आणि मग मैदानावर नेम बांधून द्या.

कॉलेजात असताना कामठीकडच्या एका शिबिरात माझी .३०३ दरवेळी वीतभर डावीकडे मारायची. मी खांदा चोळत बसलो होतो. उस्तादांनी पुढची माशी केसभर डावीकडे सरकवली, म्हणाले, “आता मार.” पाचही गोळ्या काळ्यात.