नाव, खूण आणि अस्मिता

विद्वानांच्या परिषदा भरतात, निबंध वाचले जातात, ठराव संमत होतात आणि वृत्तपत्रांच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते. सामान्य वाचक ती वाचून पान उलटतो. एखादी परिषद स्थलनामांवर असेल किंवा कर्णबधिरांच्या शिक्षणातील सांकेतिक भाषेवर असेल, तर ती बातमी तेवढीही वाचली जात नाही. हे विषय विद्यापीठांच्या चार भिंतींतले, आपल्या नित्य जीवनाशी त्यांचा काय संबंध, अशीच बहुतेकांची समजूत असते. इतिहास मात्र सांगतो की, अशाच एका परिषदेतल्या ठरावाने पिढ्यान् पिढ्या लक्षावधी मुलांच्या हातांना जणू बेड्या घातल्या.

ती परिषद 1880 च्या सप्टेंबर महिन्यात इटलीतील मिलान नगरीत भरली होती. कर्णबधिरांच्या शिक्षणाचा विचार करण्यासाठी 164 प्रतिनिधी जमले. त्यांत स्वतः कर्णबधिर असलेला प्रतिनिधी अवघा एक होता. शाळेत खुणांच्या भाषेला थारा देऊ नये, मुलांना ओष्ठवाचन आणि उच्चार शिकवावेत, हीच पद्धती श्रेष्ठ मानावी, असा निर्णय प्रचंड बहुमताने झाला. विरोधी मते होती केवळ चार. ज्यांच्यासाठी निर्णय व्हायचा होता, त्यांना कोणी विचारले नाही. पुढे शाळाशाळांतून मुलांना हात बांधून बसायला शिकवले गेले, खुणा करणाऱ्यांना शिक्षा झाल्या आणि कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. हे चुकले, अशी जाहीर खंत व्यक्त व्हायला 2010 साल उजाडावे लागले. त्या वर्षी कॅनडातील व्हँकुव्हर येथे भरलेल्या याच परंपरेतील आंतरराष्ट्रीय परिषदेने मिलानचे ठराव नाकारले. मधल्या काळात 130 वर्षे उलटून गेली होती!

भारतात कर्णबधिरांच्या आधुनिक शाळा निघाल्या त्या याच सुमारास. 1880 च्या दशकात मुंबईत आणि 1893 साली कलकत्त्यात अशा शाळा सुरू झाल्या. युरोपात जे प्रमाण मानले जात होते, तेच येथेही प्रमाण ठरले. राज्यकर्ते गेले, तरी त्यांनी आणलेली पद्धती राहिली. मुलाने शब्द उच्चारला म्हणजे तो शिकला, अशी समजूत शिक्षकांत आणि पालकांत घट्ट रुजली.

स्थलनामांची कथा याहून फार निराळी नाही. इंग्रजांच्या भूमापकांनी आणि कारकुनांनी आपल्या गावांची नावे जशी त्यांच्या कानांना ऐकू आली तशी लिहिली. खडकीचे किर्की झाले, भायखळ्याचे बायकुल्ला झाले. शीव म्हणजे सीमा, वेस. त्या अर्थपूर्ण नावाचे सायन झाले आणि अर्थ हरवला. पुण्याचा उल्लेख आठव्या शतकातील राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत येतो; तरीही शासकीय कागदपत्रांतील ‘पूना’ जाऊन ‘पुणे’ यायला 1978 साल उजाडले. पुढे 1995 साली मुंबई, 1996 साली चेन्नई, 2001 साली कोलकाता, 2018 साली प्रयागराज, 2023 साली छत्रपती संभाजीनगर व धाराशिव आणि 2024 साली अहिल्यानगर, असा हा प्रवास झाला. प्रत्येक वेळी ‘नावात काय आहे’ हा प्रश्न विचारला गेला. नावात काही नसते, तर आक्रमकांनी ती बदलण्याचा खटाटोप केला नसता आणि शिवछत्रपतींनीही रायरीचा रायगड, मुरुंबदेवाचा राजगड व तोरण्याचा प्रचंडगड केला नसता. राज्यव्यवहारकोश सिद्ध करवून घेणाऱ्या त्या द्रष्ट्या राजाने जाणले होते की, स्वराज्याला स्वतःची भाषा हवी.

नावांचा हा विषय जगानेही गंभीरपणे घेतला आहे. भौगोलिक नावांच्या प्रमाणीकरणासाठी संयुक्त राष्ट्रसंघाची पहिली परिषद 1967 साली जिनिव्हा येथे भरली. तेथील लोक जे नाव वापरतात, त्याला मान द्यावा, हा विचार अशा परिषदांतून पुढे आला. आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाडे यांनी तो विचार त्याच्या कितीतरी आधी कृतीत आणला होता. गावांच्या नावांतून वसाहतींचा इतिहास वाचता येतो, हे त्यांनी महाराष्ट्राला दाखवून दिले.

या दोन विषयांना जोडणारा धागा कोणता? नाव आणि भाषा कोणाची आणि ती ठरवायची कोणी, हा तो धागा होय. गावाचे नाव गावाने ठरवायचे की दूरच्या कचेरीतल्या कारकुनाने? कर्णबधिर बालकाची भाषा त्याच्या समाजाने ठरवायची की मिलानच्या सभागृहाने? परकीयांनी लादलेल्या नावांविरुद्ध आपण पोटतिडकीने बोललो. परकीय पद्धतीने ज्यांची भाषाच हिरावून घेतली, त्या आपल्याच बांधवांसाठी आपण किती बोललो, याचे आत्मपरीक्षण व्हायला हवे.

येथे दोष केवळ परकीयांच्या माथी मारून चालणार नाही. जन्मतः बधिर असणाऱ्याला वारसाहक्क नाकारणारे वचन आपल्या स्मृतिग्रंथांतही आहे. हिंदू कायद्यातील तो निर्बंध 1928 च्या अधिनियमाने दूर झाला. कालबाह्य ते टाकून देण्याचे धैर्य हिंदू समाजाने वेळोवेळी दाखवले आहे. काहीजण उत्साहाच्या भरात सांकेतिक भाषेचे मूळ नाट्यशास्त्रातील हस्तमुद्रांत शोधतात. भरतमुनींनी 24 असंयुत आणि 13 संयुत हस्त वर्णिले, हे आपले वैभव खरेच. पण ती अभिनयाची परिभाषा आहे. भारतीय सांकेतिक भाषा ही कर्णबधिर बांधवांनी परस्परव्यवहारातून घडवलेली, स्वतंत्र व्याकरण असलेली जिवंत भाषा आहे. त्याचे श्रेय त्यांचे त्यांनाच दिले पाहिजे.

या भाषेचे आणखी एक वैशिष्ट्य राष्ट्रीय दृष्टीने चिंतनीय आहे. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि बंगळूर येथील खुणांचा तौलनिक अभ्यास झाला. शब्दांत प्रांतोप्रांती भेद आढळले. पण या बोली परस्परांशी निगडित आहेत, असे दिसून आले. भाषेवरून प्रांताप्रांतांत वितुष्ट आलेले आपण पाहिले. ज्यांना आपण ‘मुके’ म्हणून बाजूला बसवले, त्यांच्या हातांनी मात्र प्रांतांच्या सीमा ओलांडणारी भाषा जपली.

गेल्या काही वर्षांत शासनस्तरावर आश्वासक पावले पडली आहेत. 2015 साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमात सांकेतिक भाषेला स्थान मिळाले. केंद्राचा शब्दकोश 2018 साली 3,000 शब्दांचा होता, तो 2021 मध्ये 10,000 शब्दांचा झाला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या भाषेच्या देशव्यापी प्रमाणीकरणाचा संकल्प केला आणि 2021 साली माध्यमिक स्तरावर तिला भाषा-विषयाचा दर्जा देण्याची घोषणा पंतप्रधानांनी केली. 2011 च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या 50 लाखांहून अधिक नोंदली गेली. एवढ्या मोठ्या समाजासाठी हा प्रारंभच म्हणावा लागेल.

प्रमाणीकरण हवेच, पण ते करताना मिलानची चूक पुन्हा होता कामा नये. कर्णबधिर समाजात गावाची खूण अनेकदा डोळ्यांना दिसणाऱ्या वैशिष्ट्यावरून पडते. जेथे खूण नसते तेथे नाव अक्षराअक्षराने बोटांवर मांडावे लागते आणि त्यासाठी प्रचलित असलेली दोन्ही हातांची लिपी इंग्रजी वर्णमालेची आहे! म्हणजे फलकावर आपण नाव मराठीत आणले, पण त्याच गावच्या कर्णबधिर मुलाला ते इंग्रजी अक्षरांत सांगावे लागते. नव्या नावांच्या खुणा कोणत्या असाव्यात, हे कर्णबधिर बांधवांना विचारूनच ठरले पाहिजे. स्थानिक खुणा प्रमाण शब्दकोशात पर्याय म्हणून नोंदल्या गेल्या पाहिजेत.

मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह आपण सातत्याने धरत आलो आहोत. बहुसंख्य कर्णबधिर बालके ऐकणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. त्या बालकाला जी भाषा सहजतेने येऊ शकते, ती त्याच्या मातेलाच ठाऊक नसते. श्रवणयंत्रे, शस्त्रक्रिया, वाचाप्रशिक्षण यांचा लाभ ज्यांना होतो त्यांना तो अवश्य मिळावा. पण त्याची वाट पाहता पाहता भाषा ग्रहण करण्याची पहिली वर्षे रिकामी जाऊ नयेत. भाषेवाचून गेलेले बालपण परत आणता येत नाही.

हे कार्य केवळ शासनाचे नाही. ‘सक्षम’सारख्या संघटना या क्षेत्रात कार्यरत आहेतच. प्रत्येक वस्तीतील कार्यकर्त्याने आपल्या परिसरात कर्णबधिर मूल कोणत्या घरी आहे, ते शाळेत जाते का, त्याच्या आईला चार खुणा येतात का, याची चौकशी करावी. सुट्टीच्या दिवसांत सांकेतिक भाषेचा वर्ग भरवावा आणि शिकवण्यासाठी कर्णबधिर शिक्षकालाच सन्मानाने बोलवावे. त्याच बरोबरीने गावातील शेतांची, पाणवठ्यांची, देवस्थानांची जुनी नावे वृद्धांकडून लिहून घ्यावीत. ती सांगणारी पिढी आपल्यात फार काळ राहणार नाही.

गावाचे नाव वेशीवर शुद्ध लिहून झाले, की आपले काम संपले असे आपण मानतो. त्या वेशीच्या आत राहणारे एक मूल आपल्या गावाचे नाव कोणत्याच भाषेत सांगू शकत नसेल, तर ते काम अर्धेच राहिले आहे. उरलेले अर्धे पूर्ण करण्याचे दायित्व तुम्हा-आम्हा सर्वांचे आहे.