मराठी घेऊन लंडनला कशाला?

हा प्रश्न आमच्याच विभागात, आमच्याच तोंडून निघाला होता, ही कबुली आधी देऊन टाकतो. पांढरकवड्याकडच्या एका गावातून रोज एस. टी.ने यवतमाळला येणारी, एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी विचारायला आली होती की दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवर लंडनमध्ये संशोधन करता येईल का. आम्ही तिला खर्चाचे आकडे ऐकवले, नेट-सेटचे महत्त्व पटवले आणि चहा पाजून परत पाठवले. आपण व्यवहारी सल्ला दिला, असेच आम्हाला तेव्हा वाटले.

आकडे खोटे नव्हते. ब्रिटिश व्हिसासाठी निर्वाहाची जी रक्कम दाखवावी लागते, ती जानेवारी २०२५ मध्ये लंडनकरिता दरमहा १,४८३ पौंड आणि लंडनबाहेर १,१३६ पौंड झाली. पुढे आणखी वाढली. नऊ महिन्यांचा हिशेब केला तर नुसत्या शहराच्या नावापोटी तीन हजारांहून अधिक पौंड जास्त. शिक्षणशुल्क वेगळे, आरोग्य अधिभाराचे वर्षाला ७७६ पौंड वेगळे. कोरडवाहू कापसाच्या चार एकरांवर कर्ज काढून कोणी लंडनला जाऊ नये, हे आम्ही आजही सांगू. एजंटांच्या मेळाव्यांतून बिग बेनचे चित्र दाखवून जे स्वप्न विकले जाते, त्याच्याशी आमचे भांडण आहेच. महानगराचा मोह नसेल तर हायडेलबर्ग आहे; ग्युंटर सोन्थायमर यांनी खंडोबा-बिरोबाचा, धनगरांचा अभ्यास तिथूनच केला, आणि शुल्कही लंडनच्या मानाने किरकोळ आहे.

परंतु खर्चाचा मुद्दा पुढे करून आम्ही दुसराच एक मुद्दा झाकला होता: मराठीचा अभ्यास करायला मराठी मुलखाबाहेर जाण्याची गरजच काय? हा प्रश्न वरवर स्वाभिमानी वाटतो. प्रत्यक्षात तो अज्ञानातून येतो. लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीजमध्ये इयन रेसाइड यांनी वर्षानुवर्षे मराठी शिकवली. १९६० साली त्यांनी महानुभाव ग्रंथांची सूची प्रसिद्ध केली, १९८९ मध्ये 'गद्यराज' इंग्रजीत आणला. ऋद्धिपूर आमच्या शेजारच्या जिल्ह्यात. महानुभावांची ही सूची मात्र लंडनच्या नियतकालिकात! भालचंद्र नेमाडे यांनीही याच संस्थेत अध्यापन केले आणि तरीही त्यांचा देशीवाद उणावला नाही. ब्रिटिश म्युझियममधील मराठी-गुजराती मुद्रित पुस्तकांची ब्लूमहार्टकृत सूची १८९२ ची आहे. तो संग्रह आज ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि तिथल्या वाचनकक्षाचा परवाना विनामूल्य मिळतो. एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्यावर काम करणाऱ्याला हे शहर परके नाही. आपलीच वखार दुसऱ्याच्या वाड्यात आहे, इतकेच. ती तिथे कशी गेली, हा वसाहतीचा इतिहास आम्हाला ठाऊक आहे. त्या इतिहासाचा राग म्हणून आपल्याच पुस्तकांकडे पाठ फिरवायची, हे तर्कट मात्र आमच्या गळी उतरत नाही.

आमच्या विभागातले अज्ञान एक वेळ क्षम्य. पण तेच अज्ञान २०२२ साली शासकीय धोरण झाले. केंद्र सरकारची 'नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप' ही १९५४-५५ पासूनची योजना. अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी सगळ्या देशात मिळून १२५ जागा. २०२२ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषयच तिच्यातून वगळण्यात आले. कारण दिले गेले ते आमचेच: या विषयांची साधने आणि तज्ज्ञ देशातच उपलब्ध आहेत.

म्हणजे ज्याच्या बापाकडे पैसा आहे, त्याने जातिव्यवस्थेवर लंडनमध्ये प्रबंध लिहावा. ज्याने ती सोसली, त्याने शिष्यवृत्ती हवी असेल तर अभियांत्रिकीकडे वळावे. संधी नाकारली नाही, विषय नाकारला.

या ठिकाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. पण ते नुसते वंदनापुरते नको. १९१६ साली ते लंडनला दाखल झाले, बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये परतले. १९२० च्या जानेवारीत 'मूकनायक' सुरू केला आणि त्याच वर्षी स्वतःची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राकडून घेतलेले कर्ज यांवर पुन्हा लंडन गाठले. १९२३ साली तिथे त्यांना डी. एस्सी. मिळाली. प्रबंधाचा विषय होता रुपया. साधनांचे म्हणाल तर रुपया तेव्हाही मुंबईतच टाकला जात होता! (अर्थशास्त्र हा 'सामाजिक अभ्यास' नव्हे, असा युक्तिवाद कोणी करील, मग जातीवरच्या त्यांच्या निबंधाचे काय?) त्यांनी लंडनला जाऊन भारत शिकला, कारण सत्तेची कागदपत्रे आणि सत्तेला प्रश्न विचारण्याची पद्धत, दोन्ही तिथे हाताशी होती. किंग हेन्रीज रोडवरचे त्यांचे १० क्रमांकाचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले, ते योग्यच झाले. आमचे म्हणणे एवढेच की, त्या घरासमोर उभे राहून छायाचित्र काढणाऱ्यांनी त्या घरात राहून कोणता विषय अभ्यासला गेला, हेही विचारावे.

सुदैवाने सगळ्यांनीच आमच्यासारखा सल्ला दिला नाही. यवतमाळमधूनच 'एकलव्य'चे काम उभे करणारे राजू केंद्रे चेवेनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकून आले. एम. ए. मराठीचे वर्ग चालवणाऱ्या आम्हा प्राध्यापकांना मात्र २०२२ च्या त्या नियमाविरुद्ध साधा ठराव करणेही सुचले नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा अभिनंदनाचे ठराव तेवढे तत्परतेने झाले.

ती विद्यार्थिनी आता एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. मागच्या महिन्यात आम्ही होऊन तिला बोलावले. तिचा पहिला प्रश्न होता, "सर, विषय बदलावा लागेल का?" केंद्राच्या शिष्यवृत्तीसाठी बदलावा लागेल, असे सांगताना आम्हाला तिच्याकडे पाहवले नाही. चेवेनिंगला ती अट नाही. पण ती शिष्यवृत्ती एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासापुरतीच, आणि तिच्यासाठी २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. तिच्या तासिका आम्ही सध्या मोजत आहोत.