फियाट घ्यावी की न घ्यावी?

गेल्या शनिवारी कोपरगावला घरी गेलो होतो. चहा पितापिता बाबा सहज म्हणाले, "आपल्या गल्लीतल्या काकांनी फियाट विकायला काढलीये. साठ हजार म्हणतायत." बास! रविवार त्यातच गेला, आणि सोमवारी स्टँडअपमध्ये मला कोणी काय विचारलं ते अजिबात आठवत नाही.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९७८ सालची. आमच्याकडे तिला पद्मिनी कोणीच म्हणत नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीने १९७४ मध्ये ते नाव दिलं, पण लोकांनी 'फियाट' काही सोडलं नाही. लहानपणी याच गाडीतून आम्ही सातजण कोंबून शिर्डीला जायचो. पंधरा किलोमीटरच, पण काय थाट! गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, त्यामुळे पुढच्या अखंड सीटवर काका आणि बाबांच्या मधली जागा माझी. काकांनी २०१३ नंतर रजिस्ट्रेशन रिन्यू केलं नाही. तेव्हापासून गाडी पत्र्याच्या शेडमध्ये, वर कांद्याच्या रिकाम्या गोण्या.

आता तुम्ही म्हणाल, साठ हजारांत धड लॅपटॉप येत नाही, घेऊन टाक की. मीही तेच म्हणत होतो. मग फ्रिजवरचं लोहचुंबक काढलं आणि शेडमध्ये गेलो. (ही युक्ती फुकट आहे, जरूर वापरा.) जिथे चुंबक चिकटत नाही तिथे पत्रा उरलेला नाही, लांबी भरून वर रंग मारलाय. दोन्ही दारांच्या खालच्या कडेला चिकटलं नाही. मागच्या चाकांच्या वर नाही. पायाखालचं मॅट उचललं तर चुंबकाची गरजच पडली नाही, खालची माती दिसली.

मेख इथे आहे. जीपला स्वतंत्र चासी असते, वरचा पत्रा सडला तरी सांगाडा शाबूत राहतो. फियाटला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. म्हणजे फ्लोअर गंजला तर तो दिसण्याचा प्रश्न नाही, गाडीचा कणा गंजला. त्या मानाने ते १०८९ सीसीचं इंजिन साधं. कार्बोरेटर, पॉइंट, कॉइल... सेन्सर नाही, सॉफ्टवेअर नाही, आमच्यासारख्यांना बिघडवायला काहीच नाही :-)

मिस्त्रींना बोलावलं. साठीच्या पुढचे आहेत, हात अजून थरथरत नाही. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "पत्रा आणि रंग दीड लाख धरा. इंजिनचं उघडल्यावर सांगतो." सहा वर्षं आयटीत काढली, पण इतकं प्रामाणिक एस्टिमेट मी ऐकलेलं नाही. आम्ही न उघडताच तारीख देतो. पार्ट? त्यावर ते नुसते हसले. इतकी वर्षं मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे कुर्ल्याचा जुन्या पार्टांचा बाजार तगून होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी तिथे २९ ऑक्टोबर २००३ ला रजिस्टर झाली, टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षांचं, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या रस्त्यावरून गेल्या. रोज चालणारी गाडी गेली की तिचे रोज लागणारे पार्टही हळूहळू जातात. उरतात हौशी लोकांसाठीचे, हौशी किमतीचे.

सगळ्यात गंमत पेट्रोलची. २०२५ पासून पंपावर मिळतं त्या साध्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते जुन्या रबरी नळ्या आणि सील खातं, वर हवेतलं पाणी ओढून घेतं. महिनाभर उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी आतून गंजायला एवढं पुरे. आणि हे इथेनॉल बनतं कुठे? आमच्याच तालुक्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत! उसाच्या पैशातून ज्या फियाटी इथे आल्या, त्यांना आता तोच ऊस कुरतडणार.

कायद्याचीही एक भानगड आहे. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपेक्षा जुन्या कारचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायची फी दहा हजार झालीये. ती भरू एकवेळ. दुसरा रस्ता २०२१ च्या विंटेज नियमाचा: पन्नास वर्षांपुढच्या गाडीला वेगळा नंबर, फी वीस हजार. पण मग ती रोजच्या वापराला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. मला गाडी आईला शिर्डीला न्यायला हवीये, हार घालून उभी करायला नाही.

पण हे सगळे हिशोब एक्सेलमध्ये बसतात. न बसणारी गोष्ट वेगळीच आहे. मी राहतो पुण्यात, एका बाजूचे दोनशे किलोमीटर. सोसायटीत पार्किंग एक, त्यात हप्ते चालू असलेली हॅचबॅक. म्हणजे फियाट राहणार कोपरगावला. मिस्त्रीकडे खेटे कोण घालणार? बाबा. श्रीरामपूरच्या आरटीओत रांगेत कोण उभं राहणार? बाबा. दर आठवड्याला स्टार्ट कोण करणार? गुडघे दुखत असतानाही, बाबाच. मागच्या वर्षी मी हौसेने फिशटँक आणून ठेवला. त्याचं पाणी आजतागायत मी एकदाही बदललेलं नाही. आपल्यापैकी बरेच जण हेच करतो बघा: आठवण आपली, पैसे आपले, फोटो आपले, आणि राबणं आई-बाबांचं.

म्हणून माझं मत झालं, नाही घ्यायची. फियाट हवीच असेल तर कागद जिवंत असलेली, चालती, कोणीतरी आधीच घाम गाळलेली घ्यावी. तिप्पट किंमत पडली तरी. आणि आपण राहतो तिथे ठेवावी. बाबांना फोनवर तसं सांगितलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरोबर आहे तुझं. शिर्डीला काय, एसटी आहेच."

नंतर काकांना फोन केला. ते म्हणाले, "हरकत नाही रे, शेड मोकळी करायचीये फक्त. भंगारवाला पंचवीस हजार म्हणतोय."

मी म्हटलं, काका, एक तारखेपर्यंत थांबा. हे अजून बाबांना सांगितलेलं नाही.